पैकीच्या पैकी

अमेरिकेतल्या नॅशनल फुटबॉल लीगची, म्हणजे एनएफएलची, स्थापना १९२० सालची. तेव्हापासून लीगचे शंभराहून अधिक हंगाम झाले. त्यात साखळीतला एकही सामना न हरता, एकही बरोबरीत न सोडवता आणि बाद फेरीतही सगळे सामने जिंकून विजेतेपद मिळवणारा संघ एकच निघाला: १९७२ चा मायामी डॉल्फिन्स. साखळीतले १४ आणि बाद फेरीतले ३, असे सतरापैकी सतरा सामने त्यांनी जिंकले.

हे वाचून प्रतिस्पर्ध्यांना चिरडत निघालेल्या एखाद्या फौजेचं चित्र मनात उभं राहतं. प्रत्यक्षात या संघाचा मुख्य खेळाडू पाचव्याच सामन्यात पाय मोडून बाहेर गेला. चार सामने चार किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने सुटले. अंतिम सामन्याआधी १६ विजय खात्यावर असूनही सट्टेबाजांचा कौल समोरच्या संघाला होता. मग हे जमलं कसं? आणि त्यानंतर पैसा, तंत्रज्ञान, आहारशास्त्र सगळं बदललं तरी दुसऱ्या कुणाला ते का जमलेलं नाही?

उत्तराकडे जायचं तर आधी या खेळाचे चार नियम माहीत हवेत. शंभर यार्डांच्या मैदानावर अकरा विरुद्ध अकरा खेळाडू. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात; प्रत्येक प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नवे चार. नाही झाले तर चेंडू समोरच्याला. म्हणून चौथ्या प्रयत्नात बहुतेक संघ चेंडू लांब लाथाडून देतात, तो ‘पंट’. समोरच्याच्या गोलक्षेत्रात चेंडू नेला की ‘टचडाउन’चे ६ गुण, त्यानंतरच्या यशस्वी किकचा एक जादा गुण आणि दुरून खांबांच्या मधून किक मारली तर ‘फील्ड गोल’चे ३.

कबड्डीत जे सात जण चढाया करतात तेच पकडीही करतात. इथे मात्र आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे आणि किक मारणारे आणखी वेगळे. आक्रमणाची सूत्रं क्वार्टरबॅककडे असतात. तो चेंडू फेकतो किंवा धावणाऱ्याच्या हाती देतो. फेक कुणी झेलली नाही तर घड्याळ थांबतं. धावणारा मैदानाच्या आतच पडला तर ते चालू राहतं. साठ मिनिटांच्या सामन्यात हा फरक फार मोलाचा आहे, आणि डॉल्फिन्सनी आपला सगळा खेळ त्यावरच बेतला होता.

डॉल्फिन्स हा १९६६ मध्ये सुरू झालेला नवा संघ. पहिली चार वर्षं त्यांची गत यथातथाच होती. १९६९ मध्ये तर चौदापैकी तीनच सामने जिंकले. पुढच्या वर्षी मालक जो रॉबी यांनी बाल्टिमोर कोल्ट्सचे प्रशिक्षक डॉन शुला यांना आणलं. दुसऱ्याच्या प्रशिक्षकाशी परस्पर बोलणी केल्याबद्दल लीगने डॉल्फिन्सकडून नवोदित खेळाडू निवडण्याची पहिल्या फेरीतली संधी काढून कोल्ट्सला दिली. हा सौदा पुढे मायामीला स्वस्तातच पडला म्हणायचा.

शुला मायामीत आले ते एक जखम घेऊन. जानेवारी १९६९ मध्ये त्यांचा कोल्ट्स संघ सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, न्यूयॉर्क जेट्सकडून १६-७ असा हरला होता. जेट्स जिंकतील असं जवळपास कुणालाच वाटलं नव्हतं. मायामीत आल्यावर शुलांनी पहिल्याच उन्हाळ्यात दिवसाला चार-चार वेळा सराव घेतला. कोण किती जोरात धडकतो यापेक्षा कोण चुका कमी करतो याकडे त्यांचं लक्ष असे. निकाल लगेच दिसला. १९७० मध्ये दहा विजय, १९७१ मध्येही दहा आणि थेट सुपर बोल. तिथे मात्र डॅलस काउबॉइजनी त्यांना २४-३ असं लोळवलं. डॉल्फिन्सना एकही टचडाउन करता आलं नाही. दोनदा अंतिम सामना हरलेला प्रशिक्षक, असा शिक्का शुलांवर बसला. त्यामुळे १९७२ चा हंगाम सुरू झाला तेव्हा अपराजित राहण्याचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. परत त्या शेवटच्या सामन्यापर्यंत पोचायचं आणि तो जिंकायचा, एवढंच ठरलं होतं.

संघ कसा होता? काही नावं मोठी होती. क्वार्टरबॅक बॉब ग्रिसी डोक्याने खेळणारा, चेंडू झेलणारा पॉल वॉरफील्ड हरणासारखा चपळ. पण संघाचा कणा दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या माणसांचा होता. आक्रमणातली पुढची फळी, म्हणजे धावणाऱ्यासाठी वाट मोकळी करून देणारे पाच धिप्पाड खेळाडू, याचं उत्तम उदाहरण. लॅरी लिट्लला महाविद्यालयातून बाहेर पडताना कुठल्याच संघाने निवडलं नव्हतं. जिम लँगरला क्लीव्हलंडने काढून टाकलं होतं. बॉब क्यूकेनबर्ग निमव्यावसायिक संघात खेळून आला होता. यातल्या लिट्ल आणि लँगर यांची पुढे या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली.

बचावफळीची ओळख तर नसलेल्या नावांनीच झाली. १९७१ च्या हंगामातल्या सुपर बोलआधी डॅलसचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांना मायामीच्या बचावपटूंची नावं आठवेनात. तेव्हापासून या फळीला ‘नो-नेम डिफेन्स’ म्हणू लागले. तिचा कर्णधार निक बुओनिकॉन्टी त्याच्या जागेसाठी बुटका मानला जाई. बचावाचे प्रशिक्षक बिल आर्न्सपार्गर यांनी बॉब मॅथिसन या खेळाडूभोवती एक डाव रचला होता. मॅथिसन कधी पुढच्या फळीतून क्वार्टरबॅकवर धावून जाई, तर कधी मागे सरकून फेक अडवायला थांबे. तो यातलं काय करणार हे समोरच्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळत नसे. त्याच्या जर्सीचा आकडा ५३, म्हणून डावाचं नावही ‘५३’. हंगामअखेर हिशेब झाला तेव्हा लीगमध्ये सर्वाधिक ३८५ गुण मायामीने केले होते आणि सर्वांत कमी, १७१ गुण, मायामीनेच दिले होते.

आक्रमण मुख्यतः जमिनीवरून चाले. लॅरी झोंका हा बैलाच्या ताकदीचा गडी सरळ मध्यातून घुसे, मर्क्युरी मॉरिस कडेकडेने वाऱ्यासारखा निघे आणि अडीअडचणीला जिम कीक असे. दर खेपेला चार-पाच यार्ड, पुन्हा चार-पाच यार्ड. घड्याळ चालू राही आणि समोरच्या संघाचं आक्रमण बाकावर बसून राही. झोंकाने हंगामात १,११७ यार्ड काढले. मॉरिसचे आधी ९९१ भरले होते. मग लीगने एका सामन्याची फिल्म पुन्हा तपासली आणि त्याच्या नावावर चुकून लागलेली नऊ यार्डांची पिछेहाट काढून टाकली, तेव्हा आकडा बरोबर १,००० झाला. एकाच संघातल्या दोघांनी एका हंगामात हजार यार्ड पळण्याची लीगमधली ही पहिलीच वेळ.

हंगामाची सुरुवात १७ सप्टेंबरला कॅन्सस सिटीच्या नव्याकोऱ्या अॅरोहेड स्टेडियमवर २०-१० अशा विजयाने झाली. तिसऱ्या सामन्यात मिनेसोटात संघ हरता हरता वाचला. अखेरच्या टप्प्यात १४-६ असे मागे असताना गारो येप्रेमियनने ५१ यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि मग ग्रिसीच्या फेकीवर जिम मँडिचने टचडाउन केलं. सामना १६-१४ असा सुटला. हा येप्रेमियन सायप्रसमध्ये जन्मलेला आर्मेनियन वंशाचा टकला, ठेंगणा गृहस्थ. किक मारण्यापलीकडे या खेळाशी त्याचा फारसा संबंध नव्हता, आणि अंतिम सामन्यात ते सगळ्या देशाला दिसणार होतं.

पाचव्या सामन्यात सॅन डिएगोच्या दोन बचावपटूंनी ग्रिसीला खाली आणलं आणि त्याचा उजवा पाय मोडला. क्वार्टरबॅक गेला की बहुतेक संघांचा हंगामच संपतो. मायामीच्या बाकावरून उठला तो ३८ वर्षांचा अर्ल मॉरल. हंगामाच्या आधी बाल्टिमोरने त्याला सोडून दिलं होतं आणि तेव्हाच्या नियमानुसार डॉल्फिन्सनी अवघे १०० डॉलर भरून त्याला घेतलं होतं. हे शुलांच्याच सांगण्यावरून, आणि त्याला इतिहास होता. १९६८ मध्ये कोल्ट्सचा दिग्गज क्वार्टरबॅक जॉनी युनायटस जखमी असताना याच मॉरलने शुलांच्या संघाला १३-१ असं नेलं होतं आणि लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला होता. पण जेट्सविरुद्धच्या त्या सुपर बोलमध्ये त्याच्या तीन फेकी पूर्वार्धातच प्रतिस्पर्ध्यांनी पळवल्या. उत्तरार्धात शुलांनी त्याला बसवून दुखऱ्या हाताच्या युनायटसला उतरवलं होतं. त्या पराभवाचा निम्मा वाटा मॉरलच्या डोक्यावर होता, निम्मा शुलांच्या.

साखळीतले उरलेले नऊही सामने मॉरलने सुरू केले आणि नऊही जिंकले. बफेलोविरुद्ध २४-२३ असा एका गुणाने, जेट्सविरुद्ध २८-२४ असा चार गुणांनी, तर न्यू इंग्लंडविरुद्ध चक्क ५२-०. गंमत म्हणजे ज्या बफेलोने त्यांना एका गुणावर आणलं, तो संघ हंगामात चारच सामने जिंकू शकला. डॉल्फिन्सवर टीका करणारे इथेच बोट ठेवतात. साखळीतल्या त्यांच्या एकाही प्रतिस्पर्ध्याची कामगिरी ८-६ पेक्षा चांगली नव्हती. हे खरंच आहे. वेळापत्रक सोपं होतं. पण सोपं वेळापत्रक दर दोन-चार वर्षांनी कुणाच्या तरी वाट्याला येतंच, आणि त्यातला कुठलाही संघ सगळे सामने जिंकत नाही.

बाद फेरीत कसोटी लागली. क्लीव्हलंडविरुद्ध शेवटच्या पंधरा मिनिटांत डॉल्फिन्स १४-१३ असे मागे होते. पाचेक मिनिटं उरली असताना कीकच्या टचडाउनने सामना २०-१४ असा फिरला. उपांत्य सामना पिट्सबर्गमध्ये. १४-० अशी कामगिरी असलेल्या संघाने ११-३ वाल्यांच्या घरी का जावं? कारण तेव्हा यजमानपद कामगिरीवर ठरत नसे, ते पाळीपाळीने फिरे. हा नियम १९७५ मध्ये बदलला. मॉरलचं आक्रमण त्या दिवशी अडखळत होतं. पंट मारायला उभ्या असलेल्या लॅरी साइपलने बचावपटू पाठ फिरवून मागे निघालेले पाहिले आणि किक न मारता चेंडू घेऊन तो ३७ यार्ड पळत सुटला. त्यातून मायामीचं पहिलं टचडाउन झालं.

मध्यंतरानंतर शुलांनी पुन्हा तोच निर्णय घेतला, जो चार वर्षांपूर्वी घेतला होता. मॉरलला बसवलं आणि बऱ्या झालेल्या ग्रिसीला पाठवलं. ओळीने दहा सामने जिंकून दिलेल्या माणसाला ऐन मोक्याला बाहेर काढायला धारिष्ट लागतं. ते ऐकून तक्रार न करता बाजूला होणारा माणूसही तितकाच लागतो. ग्रिसीने आल्या आल्या वॉरफील्डला ५२ यार्डांची फेक दिली आणि सामना २१-१७ असा मायामीचा झाला.

१४ जानेवारी १९७३. लॉस एंजेलिसचं कोलिझियम स्टेडियम, नव्वद हजारांवर प्रेक्षक. समोर वॉशिंग्टन रेडस्किन्स. हे नाव त्या संघाने आता टाकून दिलं आहे. ग्रिसीने अख्ख्या सामन्यात केवळ ११ फेकी केल्या, त्यातल्या ८ लागल्या. त्यातल्याच एकीवर हॉवर्ड ट्विलीने पहिलं टचडाउन केलं. बुओनिकॉन्टीने पळवलेल्या चेंडूवरून कीकने दुसरं. झोंकाने ११२ यार्ड काढले. बचावातल्या जेक स्कॉटने दोन फेकी पळवल्या, त्यातली एक तर थेट गोलक्षेत्रात, आणि सामनावीर ठरला. १४-० अशा आघाडीवर शेवटची काही मिनिटं उरली असताना शुलांनी येप्रेमियनला फील्ड गोल मारायला पाठवलं. तो लागला असता तर सतरा विजयांच्या हंगामाचा शेवट १७-० या धावफलकाने झाला असता.

किक अडवली गेली. चेंडू उसळून येप्रेमियनच्याच हातात आला. त्याने खाली झोपायचं सोडून भलतीच गोष्ट केली, फेक. चेंडू हातातून सटकला, त्याने तो धडपडत वर उडवला आणि वॉशिंग्टनच्या माइक बासने तो झेलून ४९ यार्ड पळत टचडाउन केलं. १४-७, आणि घड्याळात दोन मिनिटं सात सेकंद. लीगच्या इतिहासातल्या सर्वांत निर्दोष हंगामात सर्वांत हास्यास्पद ठरलेली चूक अशी अगदी शेवटाला आली. बचावफळीने उरलेला वेळ काढला आणि सामना तिथेच संपला.

आता दुसरा प्रश्न. हे पुन्हा का होत नाही? थोडं गणित करू. समजा एखादा संघ इतका जबर आहे की कुठल्याही सामन्यात त्याच्या जिंकण्याची शक्यता ८० टक्के. तरी ओळीने सतरा सामने जिंकण्याची शक्यता सव्वादोन टक्क्यांच्या आसपासच उरते. ती शक्यता प्रत्येक सामन्यात ९० टक्के धरली, आणि तितका वरचढ संघ क्वचितच होतो, तरी सतराचा हिशेब १७ टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. त्यात साखळी लांबत गेली. १९७८ मध्ये ती सोळा सामन्यांची झाली, २०२१ पासून सतरांची. आज हा पराक्रम करायचा तर बाद फेरीतले किमान तीन धरून वीस सामने जिंकावे लागतील.

शिवाय लीगची सारी रचना बलाढ्यांना खाली आणि दुबळ्यांना वर ओढणारी आहे. १९३६ पासून महाविद्यालयीन खेळाडूंची निवड उलट्या क्रमाने होते. तळाच्या संघाला पहिली संधी. दूरचित्रवाणीच्या राष्ट्रीय करारांचा पैसा सर्व संघांत समान वाटला जातो, त्यामुळे छोट्या शहराचा संघही मोठ्या शहराशी पैशात टक्कर देऊ शकतो. १९९४ पासून खेळाडूंच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. शिवाय करार संपलेला खेळाडू आज मुक्तपणे दुसरीकडे जाऊ शकतो. १९७२ मध्ये ही मोकळीक जवळजवळ नव्हती, म्हणून टाकून दिलेल्यांना जमवून, घडवून वर्षानुवर्षं एकत्र ठेवणं शुलांना साधलं. खेळाडूंना बाहेर जायची वाट मिळताच काय होतं तेही लवकरच दिसलं. १९७४ मध्ये वर्ल्ड फुटबॉल लीग या नव्या स्पर्धक लीगने झोंका, कीक आणि वॉरफील्ड या तिघांना मोठ्या रकमांचे करार देऊन फोडलं. तोवर डॉल्फिन्सनी १९७३ च्या हंगामातही विजेतेपद मिळवलं होतं, पण दुसऱ्याच सामन्यात ओकलंडकडून १२-७ असं हरून.

जवळ येऊन चुकलेले बरेच आहेत. १९३४ आणि १९४२ मध्ये शिकागो बेअर्स साखळीत अपराजित राहून अंतिम सामना हरले. १९८५ च्या बेअर्सची बचावफळी आजही सर्वोत्तम मानली जाते. त्यांनी हंगामात एकच सामना गमावला, तोही मायामीत, डॉल्फिन्सकडून, ३८-२४. सगळ्यांत जवळ पोचले ते २००७ चे न्यू इंग्लंड पेट्रियट्स. टॉम ब्रेडीच्या ५० टचडाउन फेकी, ५८९ गुण, साखळीत १६-०, बाद फेरीत आणखी दोन विजय. डॉल्फिन्सपेक्षा हा संघ कितीतरी जास्त झळाळता. सुपर बोलमध्ये गाठ पडली ती साखळीत सहा सामने हरलेल्या न्यूयॉर्क जायंट्सशी. डेव्हिड टायरीने एका हाताने चेंडू हेल्मेटवर दाबून धरत घेतलेला झेल आणि त्यामागून आलेलं टचडाउन, जायंट्स १७-१४. एनएफएलमध्ये साखळीतल्या अपराजित कामगिरीला करंडक नाही. तो फक्त शेवटच्या सामन्याला आहे. अठरा विजयांची किंमत एका संध्याकाळी शून्य होते.

या हंगामाची दुसरीही एक किंमत होती, जी फलकावर दिसली नाही. मॉरल २०१४ मध्ये वारला. त्याच्या मेंदूच्या तपासणीत सीटीई हा डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांशी जोडलेला विकार अगदी पुढच्या टप्प्यात आढळला. बुओनिकॉन्टीला उतारवयात साध्या हालचाली जड जाऊ लागल्या. २०१७ मध्ये त्याने आपला मेंदू संशोधनासाठी देत असल्याचं जाहीर केलं आणि २०१९ मध्ये तो गेला. दर खेपेला चार-पाच यार्ड असं सहज लिहिलं जातं, पण त्यातली प्रत्येक खेप म्हणजे एक टक्कर होती.

डॉल्फिन्स आजवरचा सर्वोत्तम संघ होता का, यावर अमेरिकेत अजून वाद चालतात, आणि १९८५ चे बेअर्स किंवा २००७ चे पेट्रियट्स त्यांच्यापेक्षा भारी होते असं म्हणायला भरपूर जागा आहे. अपराजित राहण्याला लागतं ते मात्र वेगळं. सर्वोत्तम संघ आपल्या सर्वोत्तम दिवशी ओळखला जातो. अपराजित संघाला आपला सर्वांत वाईट दिवसही निभावून न्यावा लागतो. बफेलोशी एका गुणाने, पिट्सबर्गला बनावट पंटने आणि अंतिम सामन्यात स्वतःच्याच किकरच्या चुकीनंतर, असा तो मायामीने निभावला. म्हणून पुढे कधी एखादा संघ डिसेंबरपर्यंत न हरता पोचला आणि वर्तमानपत्रं पुन्हा १९७२ ची आठवण काढू लागली, तर त्याच्या मुख्य क्वार्टरबॅकचे आकडे पाहण्याआधी बाकावर दुसरा कोण बसला आहे ते पाहावं.